ब्लॉक घेण्याआधी भिंतीवर जरा हात फिरवा!

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून मी जरा कुठं आडवी होत होते, तोच धाकट्या जावेचा फोन आला.

"ताई, मिळाला एकदाचा ब्लॉक! पवईला! तिसरा मजला, गॅलरीतून तळ्याचा एवढासा का होईना तुकडा दिसतो. रंगसुद्धा नुकताच दिलाय. उद्याच टोकन द्यायचं म्हणताहेत हे. तुम्ही नुसतं येऊन बघून जा."

"बघून जाते," मी म्हटलं, "पण टोकन परवा द्या."

ती जरा हिरमुसलीच. पण मी तरी काय करणार? ताकसुद्धा फुंकून प्यावं, इतकं दूध आम्ही एकदा पोळून घेतलंय. २००५ च्या मार्चमध्ये आम्ही मुलुंडला जुना ब्लॉक घेतला. सगळ्यात वरचा मजला, हवेशीर, भिंती दुधासारख्या पांढऱ्या. होती नव्हती ती पुंजी किमतीत आणि मुद्रांकात घातली. दुरुस्ती काय, पुढं सावकाश करू म्हणालो. त्याच वर्षी २६ जुलै उजाडला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबईतली कोणती बाई विसरेल? त्या रात्री आमच्या बेडरूमच्या छतातून पाणी ठिबकू लागलं. सकाळी पाहिलं तर पांढऱ्या रंगाखालून आधीच्या पाच-सहा पावसाळ्यांचे पिवळे नकाशे वर आलेले. सोसायटीकडं जावं तर दुरुस्ती निधीत खडखडाट! अखेर गच्चीच्या कामाची वर्गणी आणि घरातली दुरुस्ती यांत माझ्या चार बांगड्या मोडल्या. बांगड्यांचं दुःख पुढं ओसरलं, पण 'आपण विचारलं का नाही?' ही टोचणी आजतागायत गेलेली नाही.

म्हणून मैत्रिणींनो, जावेबरोबर पवईत जे जे पाहिलं, विचारलं आणि मांडलं, ते सगळं आज तुमच्यापुढं ठेवते. घर पवईत असो, बोरिवलीत असो की नाशकात. जुनं घर घेणारीच्या उपयोगी पडेल.

पवईची घरं

पवई म्हटलं की तलाव आणि आय.आय.टी. डोळ्यांपुढं येतात. तलाव १८९०-९१ च्या सुमाराचा, इंग्रजी अमदानीतला. आय.आय.टी. १९५८ सालची. पण इथं इमारतींची खरी गर्दी झाली ती १९८० नंतर. म्हणजे सुरुवातीच्या इमारती आता पस्तिशी-चाळिशीला आल्या. बाहेरून रंगरंगोटी केलेली असते, पण आतले नळ, वायरी आणि सळया त्यांच्या वयाच्याच असतात.

तळ्याकाठी घर म्हणजे पाण्याची ददात नाही, असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. पवई तलावाचं पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत. मुंबईच्या नळाला येतं ते तानसा, वैतरणा, भातसा अशा लांबलांबच्या धरणांचं पाणी. तेव्हा पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, जमिनीखालची टाकी केवढी, गच्चीवरची केवढी, टँकर मागवावे लागतात का, हे विचारायलाच हवं. आणि हे विकणाऱ्याला विचारू नका. जिन्यात भेटणाऱ्या मोलकरणीला किंवा वॉचमनला विचारा. खरं उत्तर तिथं मिळतं!

नव्या रंगाला भुलू नका

ब्लॉक खरंच छान होता. जावेनं तर उभ्या उभ्या देवघराची जागासुद्धा ठरवली. मी मात्र पर्समधून टॉर्च काढला. विकणारे गृहस्थ जरा चपापलेच.

भिंतीला टॉर्च चिकटवून आडवा उजेड टाका. एरवी न दिसणारे फुगवटे, पोपडे, लांबीचे थर लगेच दिसतात. मग तळहात फिरवा. ओली भिंत शेजारच्या भिंतीपेक्षा गार लागते. मुंबईत पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळं पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आधी तपासा. खिडकीच्या खालचे कोपरे, कपाटामागची भिंत, सिंकखालची जागा, मोरीच्या पलीकडच्या बाजूची भिंत, या ओल लपण्याच्या जागा. फक्त एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर तीच भिंत दोनदा पाहा. आणि जमलं तर घर भर पावसात बघायला जा. चप्पल भिजेल, पण लाखो रुपये वाचतील.

भेगा सगळ्या सारख्या नसतात. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगा रंगारीही बुजवतो. पण खांबाच्या किंवा तुळईच्या लांबीला समांतर अशी भेग असेल, तिच्यातून तांबूस डाग उतरला असेल, तर समजावं की आतली सळई गंजते आहे. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा घेतं, म्हणून ते आतून फुगतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं. वरून सिमेंट थापून हा रोग बरा होत नाही. रुपयाचं नाणं घेऊन खांबावर, छताच्या कडेला, लाद्यांवर टकटक करा. घट्ट जागी खणखणीत आवाज येतो. पोकळ जागी भद्द वाजतं.

दाराच्या चौकटीच्या तळाशी स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच दाबून पाहा. ते लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं तर वाळवी लागलीय किंवा लाकूड कुजलंय. न्हाणीघरात लहान मुलाची गोटी जमिनीवर सोडा. ती जाळीकडं गेली तर उतार बरोबर आहे. दाराकडं आली, तर रोज आंघोळीनंतर खराटा घेऊन उभं राहायची तयारी ठेवा!

खालच्या मजल्यावरच्या आजी

वरचं घर पाहून झालं आणि आम्ही उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर मी थांबले आणि बेल वाजवली. जाऊ म्हणाली, "अहो ताई, ओळख ना पाळख!" म्हटलं, "ओळख करून घ्यायलाच तर वाजवलीय."

दार एका आजींनी उघडलं. वरचा ब्लॉक पाहायला आलोय म्हटल्याबरोबर त्यांनी आमचा हात धरून थेट न्हाणीघरातच नेलं. वर पाहिलं आणि जावेचा चेहरा उतरला. छताचा गिलावा परातीएवढा निघून आलेला, दोन सळया उघड्या पडून लालभडक गंजलेल्या, आणि खाली बादली. आजी म्हणाल्या, "दोन वर्षं झाली बाई सांगतेय. आता विकून मोकळे होणार, आणि ही बादली तुमच्या नावावर येणार."

अगदी खरं बोलल्या त्या. घराबरोबर घराची भांडणंही विकत घेतली जातात. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, न्हाणीघर, सिंक यांमधून होणारी आतली गळती सदस्यानं स्वखर्चानं दुरुस्त करायची असते. गच्चीतून, बाहेरच्या पाण्याच्या नि सांडपाण्याच्या नळांतून किंवा पावसामुळं बाहेरून होणारी गळती ही सोसायटीची जबाबदारी. म्हणजे ती बादली नव्या मालकिणीच्याच गळ्यात पडणार होती.

जुन्या इमारतींत न्हाणीघराची स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेली असते. त्या खळग्यात नळ टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा केलेला असतो. तो एकदा चिरला की पाणी आत मुरत राहतं. वरवर लाद्यांच्या फटी भरून महिना-दोन महिने निभतं, पण खरी दुरुस्ती म्हणजे लाद्या उखडून, कोबा काढून, नळ बदलून, पाणीरोधक थर देऊन पुन्हा सगळं बसवणं. खात्री करायची एक साधी रीत आहे. जाळीला बोळा कोंबून जमिनीवर बोटभर पाणी साठवायचं आणि २४ तासांनी खालच्या घरातलं छत पाहायचं. अर्थात घरमालकाची परवानगी घेऊनच. ती देताना तो किती आढेवेढे घेतो, यावरूनही बरंच कळतं!

पाणी आणि वीज

सगळे नळ एकदम सोडा आणि त्याच वेळी संडासची टाकी ओढा. धार करंगळीएवढी झाली तर आतले नळ चोंदलेत. पूर्वी घरोघर लोखंडी जी.आय. पाइप असत, ते आतून गंजत अरुंद होत जातात. सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल तर हीच गोष्ट. हे पाइप भिंतीतून जात असल्यानं ते बदलायचे म्हणजे प्लंबरबरोबर गवंडी, लादीवाला आणि रंगारीही आलाच. एका कामाच्या शेपटीला तीन कामं बांधलेली असतात, हे हिशेब करताना नेहमी विसरायला होतं.

विजेचंही तसंच. चाळीस वर्षांपूर्वी घरात दोन पंखे, चार दिवे, एक फ्रिज नि एक टीव्ही, एवढंच असे. आता २००० वॅटचा एक गीझरच जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. त्यात एसी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन. जुन्या बारीक किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी हा भार झेलत नाहीत, तापतात. मोबाइलचा चार्जर घेऊन जा आणि प्रत्येक सॉकेट चालतो का पाहा. बोर्डाजवळ काळपट डाग आहेत का, अर्थिंग आहे का, गळती होताच वीज तोडणारी आर.सी.सी.बी. बसवलेली आहे का, मंजूर भार किती, हे इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. यात काटकसर नको. न्हाणीघरात ओल्या हातांनी गीझरचं बटण आपलीच मुलं दाबणार असतात.

भिंत पाडण्याआधी

जावेच्या मनात हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढायची होती. हल्ली सगळ्यांच्याच मनात असतं. मी तिला घाटकोपरची आठवण करून दिली. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेच्या दामोदर पार्कमधली सिद्धिसाई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. एकाच्या घरातलं काम आणि सगळ्या इमारतीचा घात!

तेव्हा कुठलीही भिंत पाडायची, गॅलरी आत घ्यायची, मोरी हलवायची, तर आधी इंजिनियरचा सल्ला आणि सोसायटीची नि महापालिकेची रीतसर परवानगी हवी. विकणाऱ्यानं आधीच असे बदल केले असतील तर तेही तपासा. महापालिकेचा मंजूर नकाशा मागून घ्या आणि घराशी ताडून पाहा. पवईत तर हे फार महत्त्वाचं. इथल्या एका मोठ्या गृहयोजनेबाबत १९८६ च्या त्रिपक्षीय करारात ४० आणि ८० चौरस मीटरची घरं बांधायचं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात घरं जोडून मोठी केली गेली असा वाद न्यायालयात गेला आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयानं लहान घरं बांधण्याचा आदेश दिला. म्हणून दोन ब्लॉक एकत्र केलेला प्रशस्त हॉल दिसला की हुरळून जाऊ नका. तो कागदावर एक आहे की दोन, त्याला परवानगी आहे का, हे वकिलाला विचारा.

सोसायटीचं दप्तर

घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. खाली पाया आहे, वर गच्ची आहे, आणि त्यांचा खर्च सगळ्यांच्या माथी असतो. मुंबईत ३० वर्षं पुरी झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार करून घ्यावी लागते. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी तपासणी व्हायला हवी. त्या अहवालाची प्रत मागा. अहवालात इमारतीची वर्गवारी असते. 'सी-१' म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. 'सी-२ए' म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. 'सी-२बी' म्हणजे रिकामी न करता संरचनेची दुरुस्ती. 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

त्याबरोबर मागच्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचा. कादंबरीहून रंजक असतात! आम्ही वाचली म्हणून कळलं की आमची पवईची इमारत 'सी-२बी' मध्ये होती, दुरुस्तीची निविदा निघाली होती, आणि दर सदस्यामागं वर्गणी काढायचा ठराव आदल्याच वर्षी झाला होता. विकणाऱ्यानं त्यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. दुरुस्ती निधी किती शिल्लक आहे तेही पाहावं. उपविधींप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी जमा करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी हे कागदावरच राहतं.

आणखी एक गोड गाजर दाखवलं जातं: "रिडेव्हलपमेंट होणारच आहे हो, दुरुस्ती कशाला करता?" त्यावर शांतपणे विचारावं की ठराव झालाय का, विकासक नेमलाय का, करार नोंदवलाय का? नुसती चर्चा असेल तर ती हवेतली समजावी आणि घर राहण्याजोगं करण्याचा खर्च धरावा. करार खरोखरच झाला असेल, तर मात्र महागड्या लाद्या नि मॉड्यूलर ओटा यांत पैसे घालू नयेत.

वही, पेन्सिल आणि मोजपट्टी

आता पैशांकडं वळू. कंत्राटदार "सगळं मिळून इतके लाख" असं सांगतो तेव्हा मान डोलावू नका. आधी स्वतः माप घ्या. फार अवघड नाही, पाहा.

समजा खोली १० फूट बाय १२ फूट, उंची साडेनऊ फूट. जमीन झाली १२० चौरस फूट. पण चारी भिंतींचा घेर ४४ फूट. त्याला साडेनऊनं गुणलं की ४१८. छत १२०. एकूण ५३८. दाराचे २१ आणि खिडकीचे २० वजा केले तरी सुमारे ५०० चौरस फूट रंग लागतो. खाली १२०, आणि रंगायला ५००! म्हणूनच रंगाऱ्याचा आकडा ऐकून आपल्याला घेरी येते.

लाद्यांचं पाहा. १२० चौरस फूट जमीन, शिवाय भिंतीकडेची चार इंची पट्टी सुमारे १४, मिळून १३४. तुटफूट आणि कापाकापीचे १० टक्के धरून १४७. दोन बाय दोनची लादी ४ चौरस फुटांची, म्हणजे ३७ लाद्या. पेटीत चार येत असतील तर १० पेट्या. उरलेल्या तीन लाद्या माळ्यावर जपून ठेवा. पुढं एखादी फुटली तर तो रंग बाजारात मिळेलच असं नाही.

अशी मापं घेऊन तीन कंत्राटदारांकडून बाबवार अंदाज मागवा. साहित्यासह की नुसती मजुरी? लादीचा दर किती धरलाय? वायर, नळ कोणत्या कंपनीचे? तोडफोडीचा मलबा उचलण्याचे पैसे धरलेत का? तिघांना एकच यादी दिलीत तरच तुलना होते. एकाचा आकडा फारच कमी असेल तर त्यानं काहीतरी गाळलंय असं समजा. पैसे कामाच्या टप्प्यांनी द्यावेत आणि शेवटचे दहा टक्के सगळं तपासून झाल्यावरच.

मग कामांचे तीन भाग पाडा. पहिला भाग जिवाचा आणि पाण्याचा: गळती, सळया, नळ, वायरी. दुसरा भाग सामान आल्यावर करता येणार नाही अशा कामांचा: लाद्या, ओटा, खिडक्या, रंग. तिसरा भाग हौसेचा: कपाटं, फॉल्स सीलिंग, पडदे. पैसे कमी पडले तर तिसरा थांबतो. पहिला कधीच थांबवू नये. आणि एकूण आकड्यावर २० टक्के वर ठेवावेत. जुन्या घरात भिंत फोडल्याशिवाय आतलं दुखणं कळत नाही.

सगळा हिशेब एका पानावर

उदाहरणासाठी धरू, घराची किंमत १ कोटी ४० लाख. ७५ लाखांवरच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के कर्ज देते, म्हणजे १ कोटी ५ लाख. उरले ३५ लाख. बहुतेक घरांत हिशेब इथंच थांबतो. आता पुढचं लिहा:

स्वतःचा वाटा ३५ लाख.
मुद्रांक शुल्क, मुंबईत उपकरासह ६ टक्के: ८ लाख ४० हजार. (करारातली किंमत आणि सरकारी दर यांतला जो जास्त त्यावर.)
नोंदणी शुल्क: ३० हजार.
सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य, जास्तीत जास्त: २५ हजार. (कोणी भरायचं ते आधी ठरवा.)
दलाली, एक टक्का धरली तर: १ लाख ४० हजार.
दुरुस्तीचा अंदाज ९ लाख धरला, त्यावर २० टक्के: १० लाख ८० हजार.
काम चालू असताना ३ महिन्यांचं भाडं, दरमहा ३५ हजार धरून: १ लाख ५ हजार.

बेरीज झाली ५७ लाख २० हजार. ३५ कुठं आणि ५७ कुठं! वकील नि इंजिनियरची फी, सामान हलवणं आणि काम चालू असताना सुरू झालेला कर्जाचा हप्ता वेगळाच. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बँक कर्जात धरत नाही, हेही ध्यानात ठेवा. शिवाय ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घराला विकणाऱ्याचे पैसे देताना त्यातून १ टक्का टी.डी.एस. कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते.

आता बायकांच्या फायद्याची गोष्ट. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त स्त्रीच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. वरच्या उदाहरणात ती १ लाख ४० हजार होते. एका न्हाणीघराच्या कामाला चांगलाच हातभार! मात्र पुरुषाचं नाव मालक म्हणून जोडलं की सवलत गेली. ज्याचं नाव मालकीत नाही त्याला हप्ते भरूनही कर्जावरच्या करसवलती मिळत नाहीत. तेव्हा दोन्ही हिशेब मांडून मगच ठरवा. रुसवेफुगवे नकोत.

पुढं काय झालं?

टोकन परवाही दिलं नाही. आम्ही एका अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनियरला दोन तास घर दाखवलं. फी भाऊजींना जड वाटली, पण त्याच्या दोन पानी अहवालानं विकणाऱ्याशी बोलणं फार सोपं केलं. न्हाणीघर, नळ आणि वायरी मिळून सहा लाखांच्या घरातला खर्च निघाला. शिवाय सोसायटीची वर्गणी. जाऊ मला रात्री म्हणाली, "ताई, सोडून देऊ का? माझा प्रॉव्हिडंट फंड आणि आईनं दिलेलं सोनं, दोन्ही यात जाणार. तेही असं ओलीत जायला नको." तिचे डोळे भरून आले होते. बारा वर्षं भाड्याच्या घरात काढलेल्या बाईचे ते डोळे होते.

मी म्हटलं, "घर वाईट नाही. किंमत वाईट आहे. सोडायचं की नाही ते किमतीवर ठरवू."

विकणारे गृहस्थ आधी चिडले. "आवडत नसेल तर घेऊ नका," म्हणाले. आम्ही नमस्कार करून उठलो. जावेला जिन्यात हुंदका आवरेना, पण ती मागं वळली नाही. तीन आठवडे फोन आला नाही. त्या तीन आठवड्यांत तिनं आणखी चार घरं पाहिली, आणि प्रत्येक वेळी खालच्या मजल्याची बेल वाजवली! मग फोन आला. चार लाख कमी झाले, आणि करारात लिहून घेतलं की आधीच ठराव झालेली वर्गणी आणि ताबा देईपर्यंतची सगळी देणी विकणाऱ्याची. भाऊजींनी जरा मान खाजवली, पण घर जावेच्या एकटीच्या नावावर झालं. भाऊजी कर्जाला सहकर्जदार.

काम साडेतीन महिने चाललं. कोबा फोडल्यावर आत आणखी एक कुजलेला नळ निघाला, पण वीस टक्क्यांतून तो भागला. हॉलमधली भिंत तशीच आहे; इंजिनियरनं नको म्हटलं. फॉल्स सीलिंग अजून झालेलं नाही, कपाटंही जुनीच आहेत. पण सोनं कपाटात आहे.

वास्तुशांतीला पहिलं बोलावणं खालच्या आजींना गेलं. त्या आल्या, नव्या न्हाणीघरात डोकावल्या, आणि म्हणाल्या, "माझी बादली आता मी फुलझाडाला लावली हो!"

जाताना पिशवीत काय न्याल?

टॉर्च, मोजपट्टी, रुपयाचं नाणं, स्क्रूड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, एक गोटी, वही नि पेन्सिल. आणि जमल्यास पूर्वी एकदा फसलेली एक मोठी जाऊ!